खुराड्याची कडी आणि रॅकूनचे हात

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत शहरांच्या कडेला ज्या शांत वसाहती पसरल्या आहेत, त्यांतील पुष्कळ घरांच्या परसांत चार-सहा कोंबड्यांचें एखादें खुराडें दिसतें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१७-१८ च्या सुमारास, तेथील शेतकी खात्यानें भिंतीवर चित्रें लावून नागरिकांस परसांत कोंबड्या पाळण्याचा आग्रह केला होता. पुढें शहरांतून ही चाल मागें पडली. परंतु २०२० सालच्या साथींत माणसें घरांत कोंडलीं गेलीं, तेव्हां कोंबडीच्या पिलांना पुन्हां एकदम मोठी मागणी आली. नवशिक्या माणसानें खुराडें हौसेनें बांधावें, त्याला रंग द्यावा, जाळी ठोकावी, आणि एके दिवशीं सकाळीं दार उघडें, जाळीबाहेर पिसें व आंत मुंडकें नसलेली कोंबडी पहावी, हा अनुभव तेव्हांपासून तेथील कित्येक घरांनीं घेतला आहे. मुलांनीं त्या कोंबडीला नांव ठेवलेलें असतें. त्यामुळें ही हानि अंड्यांच्या हिशेबांत मावत नाहीं.

हें कृत्य पुष्कळदां रॅकूनचें असतें. इकडे हा प्राणी फारसा कोणाच्या पाहण्यांत नाहीं. मांजराहून थोराड, करड्या रंगाचा, शेंपटीवर काळीं वळीं, आणि डोळ्यांवर काळी पट्टी. चोरानें तोंडास फडकें बांधावें तशी. वजन बहुधा दहा ते वीस पौंड. लिनीयसनें १७५८ सालीं त्याला अस्वलांच्या पंक्तीस बसविलें आणि ‘धुणारा’ अशा अर्थाचें लॅटिन विशेषण त्यास जोडलें; कारण पाळलेला रॅकून आपलें खाद्य पाण्यांत बुडवून चोळीत बसतो. पण तें धुणें नव्हे, चाचपणें आहे. पाण्यानें त्याच्या तळव्यांची स्पर्शशक्ति अधिक तीक्ष्ण होते, आणि त्याच्या मेंदूचा स्पर्श जाणणारा बराच मोठा भाग एकट्या पुढच्या पंजांच्या सेवेंत गुंतलेला असतो. त्याचें इंग्रजी नांवही व्हर्जिनियांतील मूळच्या रहिवाशांच्या भाषेंतून आलें असून त्याचा अर्थ हातांनीं चोळणारा, खरवडणारा असाच सांगतात. हा प्राणी माणसाच्या मनांतही लवकर शिरतो. १९२६ सालीं राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्याकडे सणाच्या जेवणाकरितां म्हणून एक जिवंत रॅकून भेट आला. तो ताटांत न जातां रिबेका या नांवानें व्हाइट हाउसमध्यें लाडानें वाढला.

कोंबड्या पाळणाराला मात्र या हातांचें कौतुक परवडत नाहीं. १९०७ सालीं डेव्हिस या अमेरिकन संशोधकानें रॅकूनवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानें अवघड अशा तेरा कड्या रॅकूनांपुढें ठेवल्या. त्यांपैकीं अकरा त्यांनीं दहांहूनही कमी प्रयत्नांत उघडल्या, आणि कड्यांचा क्रम बदलला किंवा त्या उलट्या बसविल्या तरी त्यांचें अडलें नाहीं. खुराड्याच्या दाराला आपण लावतों तो आंकडा, फिरती लांकडी खिटी किंवा सरकती कडी ही या प्राण्याला किती वेळ रोखील, याची कल्पना त्यावरून करावी. एकाच हालचालीनें जें उघडतें तें रॅकूनला उघडतां येतें असें धरून चालावें. म्हणून कोयंड्यांतून दाबाचा चाप अडकविणें, कुत्र्याच्या साखळीला असतो तसा, किंवा सरळ लहानसें कुलूप घालणें हें बरें. अंड्यांच्या कप्प्याचें झांकण लोक हटकून विसरतात. त्यालाही तोच नियम.

दुसरी चूक जाळीची. बाजारांत कोंबड्यांची जाळी म्हणून जी षट्कोनी घरांची, बारीक तारेची, पिळून विणलेली जाळी मिळते, ती कोंबड्यांना आंत ठेवण्यापुरती आहे. शत्रूला बाहेर ठेवण्याचें तिच्या अंगीं बळ नाहीं. नांवानेंच घात केला आहे. रॅकून ती हातांनीं ओढून फाडतो, आणि फाडतां आली नाहीं तरी घरांतून हात आंत घालतो. कोंबडीला अंधारांत जवळजवळ कांहींच दिसत नाहीं. रात्रीं ती दांडीवर सुस्त बसून असते आणि पुष्कळदां जाळीला अंग टेकूनच. बाहेरून हात येतो, मान धरतो, आणि जाळींतून निघेल तेवढा भाग ओढून नेतो. सकाळीं मुंडक्यावांचून पडलेल्या कोंबडीचें कोडें उलगडतें तें येथें. यासाठीं अर्ध्या इंचाच्या चौकोनी घरांची, सांधे जोडलेली जाड तारेची जाळी वापरावी आणि ती नुसत्या बारीक खिळ्यांवर न सोडतां पट्टी व स्क्रू लावून चौकटीला आवळावी. दांडीही जाळीपासून दूर असावी.

प्रत्येक खून मात्र रॅकूनच्या माथीं मारूं नये. तांबडा खोकड बहुधा अख्खी कोंबडी उचलून नेतो; मागें चार पिसें राहतात. वीझल हा मुंगसाहूनही सडपातळ प्राणी इंचभर भोंकांतून आंत शिरतो आणि मानेला चावे घेऊन एका रात्रींत अनेक कोंबड्या मारून टाकतो. खातो त्यांतला थोडासा भाग. दिवसाढवळ्या पिसांचा ढीग पडला असेल तर ससाण्याकडे पहावें, आणि रात्रींचा पक्षी म्हणजे शिंगांचें मोठें घुबड. हे शिकारी पक्षी तेथें कायद्यानें रक्षिलेले आहेत. १९१८ च्या कायद्याचें छत्र १९७२ मध्यें त्यांच्यावरही आलें. त्यांना गोळी घालतां येत नाहीं. खुराड्याच्या अंगणावर वरून जाळी ताणावी, एवढाच उपाय. आणि शेजाऱ्याचा मोकाट कुत्रा! त्याचें नांव घेण्यास कोणी धजत नाहीं, पण त्याची गणना या यादींत वरच्या बाजूसच करावी लागते. कोंकणांतील परसांत हींच कामें मुंगूस, रानमांजर आणि उदमांजर करतात. नांवें बदललीं तरी जाळीचें भोंक आणि दाराची फट तीच.

उकरणारांसाठीं जाळीचा हातभर पट्टा खुराड्याच्या पायाशीं जमिनीवर बाहेरच्या बाजूस आडवा पसरून वर माती घालतात. खोकड किंवा कुत्रा भिंतीला लागून उकरूं लागतो, त्याची नखें जाळीला लागतात, आणि दोन पावलें मागें सरून उकरावें हें बहुधा त्याला सुचत नाहीं.

एवढा खर्च आणि खटाटोप करण्याऐवजीं सांपळा लावून रॅकून पकडावा आणि दूरच्या रानांत सोडून यावा, असें दयाळू माणसास साहजिकच वाटतें. त्या दयेची किंमत तेथील लोकांनीं मोजलेली आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागांतील रॅकूनांत पिसाळण्याच्या रोगाची एक जात पूर्वींपासून होती. शिकारीची हौस भागावी म्हणून तिकडचे रॅकून पेटाऱ्यांत घालून उत्तरेकडे नेऊन सोडण्यांत आले, आणि १९७७ सालीं हा रोग शेंकडों मैल ओलांडून पश्चिम व्हर्जिनियांत उमटला. तेथून तो वर सरकत १९९० मध्यें न्यूयॉर्क संस्थानांत पोंचला. पुढें त्याला थोपविण्यासाठीं विमानांतून लस घातलेलें आमिष रानोमाळ टाकण्याची पाळी सरकारवर आली. म्हणूनच पकडलेला रॅकून दुसरीकडे सोडणें हा अनेक संस्थानांत गुन्हा आहे. त्यांतून एक रॅकून गेल्यानें जागा मोकळी होते, आणि खुराडें तसेंच राहिलें तर ती दुसरा भरून काढतो. त्याच्या विष्ठेंत एका जंताचीं अंडीं असूं शकतात. तीं पोटांत गेलीं तर तो जंत माणसाच्या मेंदूपर्यंत जातो, आणि मातींत खेळणाऱ्या लहान मुलांना त्याचें भय अधिक. परसांत तशी घाण दिसल्यास ती उघड्या हातानें काढूं नये व मुलांना तिकडे फिरकूं देऊं नये.

दाणे रात्रीं उघडे ठेवूं नयेत, अंडीं संध्याकाळपर्यंत वेंचून घ्यावीं, हें वेगळें सांगावयास नको. सर्वांत जास्त कोंबड्या मरतात त्या मात्र जाळीच्या दोषानें नव्हे, तर दार लावण्यास उशीर झाल्यामुळें. पाहुणे आले, पाऊस लागला, आणि अंधार पडून गेला. यासाठीं आतां उजेड मावळतांच आपोआप खालीं सरकणारीं दारें मिळतात. तीं उपयोगी आहेत, परंतु त्यांना मोजतां येत नाहीं. एखादी कोंबडी झुडपाखालीं रेंगाळली तर दार तिच्या तोंडावर बंद होतें, आणि ती रात्रभर पायरीवर बसून राहते. त्यामुळें यंत्राचें दार असलेल्या घरांतही तिन्हीसांजेला कोणीतरी दिवा घेऊन परसांत जातें, झांकण उचलून दांडीवरचीं डोकीं मोजतें, आणि मग चाप अडकवितें.