पेसमेकर आणि हृदयाची अनियमित लय : एक वैद्यकीय गैरसमज

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे आके सेनिंग या शल्यविशारदाने अर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातील पहिला शरीरांतर्गत पेसमेकर बसविला. रुने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तयार केलेले ते यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन यांना पुढे वीसहून अधिक यंत्रे बसवावी लागली. तथापि ते २००१ पर्यंत जगले आणि त्यांचा मृत्यू हृदयविकाराने नव्हे, तर कर्करोगाने झाला.

लार्सन यांचा विकार ठोके मंदावण्याचा होता आणि पेसमेकरचे मूळ कार्यही तेच आहे. ठोक्यांची संख्या ठरविलेल्या मर्यादेखाली, बहुधा मिनिटाला ६० च्या खाली, जाऊ लागताच यंत्र सूक्ष्म विद्युतस्पंद देते. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात मात्र हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे कर्णिकांत, मिनिटाला ३५० हून अधिक विस्कळीत स्पंद निर्माण होतात. ते थांबविण्याचे सामर्थ्य सामान्य पेसमेकरमध्ये नसते. मग अशा रुग्णास तो का बसवितात? अनेकांत लय कधी अतिजलद, तर कधी अतिमंद होते. जलद गतीवर औषध द्यावे, तर मंद गती अधिकच मंदावून चक्कर वा मूर्च्छा येते. पेसमेकर खालची बाजू सांभाळतो, म्हणून वरच्या बाजूवर औषध देता येते.

खरा धोका येथेच दडलेला असतो. यंत्र बसल्यावर नाडी स्थिर लागते, थकवा कमी होतो आणि आजार बरा झाला, अशी रुग्णाची व कुटुंबाची समजूत होते. वस्तुतः कर्णिका आतून थरथरतच असतात. त्यांत, विशेषतः डाव्या कर्णिकेच्या उपांगात, रक्त साचून गुठळी होऊ शकते व ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट वाढते. ही शक्यता पेसमेकर कमी करीत नाही. ते कार्य रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या गोळीचे आहे. ‘आता मशीन बसले आहे’ म्हणून तीच गोळी बंद केली जाते, हे दुर्दैव होय.

२०१० नंतर या औषधांचे नवे पर्याय रुळले असले, तरी संधिवाताच्या तापामुळे हृदयाची मिट्रल झडप लक्षणीयरीत्या अरुंद झालेल्या रुग्णांस वॉरफॅरिनच द्यावे लागते. भारतात असे रुग्ण आजही आढळतात. वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी नियमितपणे आयएनआर तपासणी करावी लागते. ते प्रमाण सामान्यतः २ ते ३ दरम्यान असावे. मेथी, पालक वर्ज्य नाहीत. मात्र त्यांचे आहारातील प्रमाण एकसारखे राहिले पाहिजे. आठवडाभर भाजी टाळून सणाला भरपूर खाणे, हे अधिक घातक.

यंत्राविषयीची पथ्ये त्या मानाने सोपी आहेत. मोबाईल छातीवरील खिशात न ठेवता यंत्रापासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. एमआरआयपूर्वी यंत्राचे ओळखपत्र दाखवावे. बॅटरी साधारणतः ८ ते १२ वर्षे टिकते. दहनापूर्वी यंत्र काढून घ्यावे लागते, अन्यथा त्याचा स्फोट होतो. ही बाब घरच्यांना आधीच ठाऊक असलेली बरी.

दात काढावयाचा असता मात्र प्रश्न पुन्हा गोळीकडेच येतो. रक्तस्रावाच्या भीतीने ती परस्पर बंद करण्याचा मोह होतो. एखादा दात काढण्यासाठी ती बंद करणे बहुधा आवश्यक नसते आणि तो निर्णय दंतवैद्य व हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावयाचा असतो.