घरातले ब्रह्मकमळ

श्रावण-भाद्रपदातल्या एखाद्या रात्री आपल्या घरांचे व्हरांडे अकस्मात गजबजतात. शेजारीपाजारी निरोप जातात, मुले झोपेशी झगडत जागी राहतात, गृहिणी हळदकुंकू घेऊन येते. ब्रह्मकमळ उमलायचे असते! इंदूर-ग्वाल्हेरकडे या सोहळ्याला भाषेची अट नसते. मराठी न जाणणाऱ्या शेजाऱ्यांनाही तितक्याच अगत्याचे बोलावणे असते.

या फुलाचे नाव मात्र उसने आहे. खरे ब्रह्मकमळ हिमालयाच्या उंच उतारांवर उगवते. ते सूर्यफुलाच्या कुळातले असून केदारनाथ-बद्रीनाथाला वाहिले जाते. आपल्या कुंडीतले झाड निवडुंगाच्या कुळातले. एपिफायलम ऑक्सिपेटलम हे त्याचे शास्त्रीय नाव. ते मूळचे मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे. तेथल्या अरण्यांत ते मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर, साठलेल्या पाचोळ्यात वाढते. आपण ज्यांना पाने म्हणतो, ती वस्तुतः चपटी खोडे होत. म्हणूनच त्यांच्या कडेच्या खाचांतून कळी फुटते.

हे मूळ ध्यानी घेतले, की त्याची निगा आपोआप उमगते. वृक्षांच्या सावलीत वाढणाऱ्या या झाडाला उजेड हवा, पण भर दुपारचे ऊन नको. पूर्वेकडील खिडकी त्याला मानवते. वैशाखातल्या लूपासून आणि पौषातल्या कडाक्याच्या थंडीपासून त्याला आत घ्यावे. माती भुसभुशीत असावी: दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेल्या पाचोळ्याचे खत, तळाशी विटांचे तुकडे. वरची माती सुकल्याखेरीज पाणी घालू नये. हिवाळ्यात तर अगदी बेताने घालावे. खाचांत पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसून काढावा.

“आमचे झाड फुलतच नाही,” अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. अशा घरी बहुधा उपेक्षेपेक्षा मायाच अधिक झालेली असते. रोजचे पाणी मुळे कुजवते. खताचा मारा नुसती हिरवाई वाढवतो. दरवर्षी मोठ्या कुंडीत हलवल्याने झाड मुळे पसरण्यातच गुंतून राहते. मुळांना कुंडी किंचित अपुरी पडू लागली, की ते फुलण्याकडे वळते. कळी धरल्यावर मात्र कुंडीची जागा बदलू नये, कळ्या गळतात. लेकरांच्या बाबतीतही हा धडा गिरवण्याजोगा आहे.

या झाडाचे बी कोणी पेरत बसत नाही. निरोगी पान कापून चार-सहा दिवस सावलीत सुकवावे आणि खालचे टोक मातीत खोचावे. मूळ धरते लवकर. फुलायला दोन-तीन वर्षे, कधी अधिकही लागतात. आपल्यातली कित्येक ब्रह्मकमळे विकत आणलेली नाहीत. ती माहेराहून, शेजाराहून, बदली होऊन गेलेल्या एखाद्या स्नेह्याकडून पानाच्या रूपाने आली आहेत. मूळ भूमीपासून दूर, परक्या मातीत धीराने रुजणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

तेव्हा यंदा फूल पाहायला येणाऱ्यांपैकी एखाद्याच्या हाती एक पान अवश्य ठेवावे. फूल पहाटेपर्यंत मान टाकते. दिलेले पान मात्र दुसऱ्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या फुलत राहते.