सरकारी नोकरीचा खरा मोबदला

सरकारी नोकरी म्हटलं की पगार, निवृत्तिवेतन आणि सुरक्षितता एवढंच आठवतं. पण तिचा मोठा मोबदला म्हणजे कामाचा आवाका. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो हातांना सरकारी कामांवर मजुरी मिळाली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशानंही तसाच कायदा केला. कल्पना वि. स. पागे यांची, कायदा विधिमंडळाचा; पण मस्टर भरणं, खोदाई मोजणं, मजुरी चुकती करणं ही कामं कर्मचाऱ्यांचीच.

बदल्या, राजकीय दबाव आणि दप्तरदिरंगाई यांत उमेद मरते, हा आक्षेप खोटा नाही. मात्र कायद्यानं नागरिकाला हक्क दिला, की तो पोहोचवणाऱ्या प्रामाणिक कर्मचाऱ्यालाही नियमाचा आधार मिळतो. स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरताना पदाच्या रुबाबापेक्षा या आवाक्याचा विचार करा.