पाण्यावरच्या शर्यती – लेखांक ६ : नाया आणि तिच्या जोडीदारणी

मागच्या आठवड्यात आपण एकेरी कयाक पाहिली. आज दुहेरी, म्हणजे के-२. ती समजून घ्यायची तर पोलंडच्या कारोलिना नायाची कारकीर्द पाहावी.

साडेसहा मीटर लांब, जेमतेम हातभर रुंद, किमान १८ किलो वजनाची ही नाव. दोघी एकीमागे एक बसतात. पुढची लय धरते आणि पायांनी सुकाणू सांभाळते. मागचीच्या डोळ्यांसमोर असते ती जोडीदारणीची पाठ. वल्ह्याचं पातं पावलापाशी पाण्यात शिरतं, कमरेपाशी बाहेर येतं. जोर दंडांपेक्षा पायांचा आणि धडाच्या पिळाचा. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा हे घडतं, आणि मागचीचं पातं किंचित जरी उशिरा पडलं तरी नावेचा वेग तुटतो. त्यामुळे देशातल्या दोन सर्वांत ताकदवान मुली एका नावेत बसवल्या की काम झालं, असं होत नाही. मेळ बसायला वेळ द्यावा लागतो.

पोलंडनं तो दिला. महिलांच्या के-२ ५०० मीटर शर्यतीत २००० च्या सिडनीपासून टोकियोपर्यंत सलग सहा ऑलिंपिकमध्ये या देशाला पदक मिळालं. सिडनी आणि अथेन्समध्ये आनेता कोन्येच्ना (तेव्हाची पास्तुष्का) आणि बेआता सोकोवोव्स्का यांनी कांस्य जिंकलं. बीजिंगला कोन्येच्नाबरोबर २२ वर्षांची बेआता मिकोवायचिक होती, रौप्य. लंडनला, २०१२ मध्ये, अनुभवी ठरली मिकोवायचिक, आणि तिच्या जोडीला आली सिलेसियातल्या टिखी शहरात जन्मलेली नाया. तीही २२ चीच. कांस्य. रिओला त्याच दोघी, पुन्हा कांस्य.

जोडी बदलली तेव्हा दर वेळी आधीच्या जोडीतली एकजण नव्या नावेत होतीच. पोलंडच्या यशाचं खरं कारण मला इथे दिसतं. पाण्यावरची लय तोंडी सांगून शिकवता येत नाही, ती बरोबर बसूनच अंगात मुरते.

रिओनंतर नाया आई झाली. परतल्यावर प्रशिक्षक तेच, तोमाश क्रिक. जोडीदारीण मात्र नवी, सहा वर्षांनी लहान आना पुवाव्स्का. आता शिकवण्याची पाळी नायाची होती. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टन आणि केटलिन रीगल यांच्यामागे या दोघी दुसऱ्या आल्या. त्याच आठवड्यात युस्तिना इस्कशित्स्का आणि हेलेना विश्न्येव्स्का यांच्यासह चौघींच्या नावेत नायानं कांस्यही मिळवलं. तिचं हे चौथं ऑलिंपिक पदक. त्यात सुवर्ण नाही; पोलंडच्या कोणत्याच कयाकपटूकडे ते आजवर आलेलं नाही, आणि याची हळहळ मलाही वाटते. पण नऊ वर्षांत, दोन वेगळ्या जोडीदारणींबरोबर, एकाच शर्यतीत सलग तीन पदकं मिळवणं हे एखाद्या सुवर्णाहून मला कमी वाटत नाही.

२०२२ मध्ये कॅनडात हॅलिफॅक्सला पोलंडच्या चौघी विश्वविजेत्या झाल्या, त्यांतही नाया आणि पुवाव्स्का होत्याच. चौघींच्या या नावेचं गणित दुहेरीपेक्षा बरंच वेगळं आहे. ते पुढच्या लेखांकात पाहू.