विद्युत् टंकयंत्र आणि देवनागरीचा क्रम

1961 साली आलेल्या ‘सिलेक्ट्रिक’ या विद्युत् टंकयंत्रात अक्षरदांड्यांऐवजी 88 चिन्हांचा एकच फिरता गोलक असे. विजेमुळे प्रत्येक ठसा सारख्या दाबाने उमटे. देवनागरीची अडचण मात्र दाबापेक्षा क्रमाची होती. धुळे वा जळगाव येथील कचेरीत रेमिंग्टन कळफलकावर ‘जिल्हा’ उमटविताना टंकलेखक ऱ्हस्व वेलांटी आधी व ‘ज’ नंतर दाबी, कारण ती व्यंजनाच्या डावीस उभी राहते. उच्चारात क्रम नेमका उलट. यंत्राने लिपीचे विभाजन ध्वनींनुसार नव्हे, आकारांनुसार केले. हाच दृश्यक्रम पुढे अनेक जुन्या संगणकीय टंकांत उतरला. युनिकोडमध्ये व्यंजन आधी येते. म्हणून अशा टंकांतील अहिराणी मजकूर शब्दसंग्रहासाठी घेताना अभ्यासकाने प्रथम क्रम दुरुस्त करावा. अन्यथा वेलांटीचे शब्द शोधात निसटतील व गणना चुकेल.