प्रकाश, चुना आणि अन्न : काचेच्या टाकीतल्या प्रवाळाचं पोषण

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यात सर्वांत मोठा वाटा आपल्या रोजच्या मिठाचा. कॅल्शियम असतं जेमतेम 420 मिलिग्रॅम. एवढ्याशा भांडवलावर प्रवाळाने लक्षद्वीपची बेटं घडवली आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याला 2,300 किलोमीटर लांबीची ग्रेट बॅरियर रीफ उभी केली. बरं, हे बांधकाम चालतं ते पाणी नायट्रोजन-फॉस्फरसच्या हिशेबाने जवळजवळ उपाशीच. चार्ल्स डार्विनने प्रवाळभिंतींवरचं आपलं पुस्तक 1842 मध्ये प्रसिद्ध केलं. उपाशी पाण्यात एवढी समृद्धी कशी नांदते, हे कोडं आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

घरी रीफ टँक, म्हणजे प्रवाळाची टाकी, ठेवणाऱ्यालाही रोज याच कोड्याशी झुंजावं लागतं. दुकानात त्याच्यापुढे पूरकांच्या बाटल्यांची रांग असते : कॅल्शियम, मॅग्नेशियम, आयोडीन, स्ट्राँशियम, अमिनो आम्लं. काय घालायचं, किती आणि कशासाठी, याची उत्तरं गेल्या साठ वर्षांत अनेकदा बदलली. त्या सगळ्या बदलांतून मला एकच धडा ठळक दिसतो. प्रवाळाला सगळ्यात जास्त गरज असते ती मेळाची. प्रकाश, चुना आणि अन्न यांतलं एक वाढवलं की उरलेल्या दोघांचा विचार करावाच लागतो.

एका देहात तीन कारभार

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं आणि त्याच्या बुडाशी ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा दगड तयार होत असतो. भरपूर उजेड असेल तर हे शैवाल प्राण्याच्या ऊर्जेच्या गरजेपैकी 90 टक्क्यांपर्यंत भार उचलू शकतं. बदल्यात प्राणी त्याला कार्बन डायऑक्साइड देतो आणि आपल्या उत्सर्जनातला नायट्रोजन, फॉस्फरसही देतो. जे एकाने टाकलं ते दुसऱ्याने उचललं, असा हा घरातल्या घरात फिरणारा व्यवहार आहे. डार्विनच्या कोड्याचं मोठं उत्तर इथेच मिळतं. प्रवाळभिंतीवरचे स्पंजही याला हातभार लावतात. पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य ते शोषतात आणि त्याचे कण करून इतर जिवांच्या तोंडी देतात. हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं.

जमैकात काम करणाऱ्या थॉमस गोरो यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिलं की अंधारापेक्षा उजेडात प्रवाळाचा सांगाडा कितीतरी वेगाने वाढतो. टाकीवर जोरदार दिवे लावणाऱ्याने हे कायम लक्षात ठेवावं. दिवे वाढले की चुन्याची मागणी वाढते, आणि नव्या पेशींसाठी नायट्रोजन-फॉस्फरसही लागतात.

जकार्ता ते बर्लिन

या छंदाचा इतिहास सांगताना जकार्ताच्या ली चिन एंग यांचं नाव आधी घ्यावं लागतं. समुद्रातले जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांनी प्रवाळ जगवलं आणि 1961 मध्ये त्याबद्दल लिहिलं. पुढे युरोपात पीटर विल्केन्स यांनी चुन्याच्या निवळीचा वापर रूढ केला. बर्लिनच्या छांदिष्टांनी जिवंत खडक, पाण्यातली सेंद्रिय घाण फेसातून काढणारा प्रोटीन स्किमर, प्रखर दिवे आणि ही निवळी एकत्र आणली. तीच बर्लिन पद्धत. डेलबीक आणि स्प्रंग यांच्या 1994 च्या ग्रंथामुळे ती अमेरिकेत घरोघरी पोचली.

चुन्याची निवळी आपल्याला शाळेपासून माहीत आहे. नळीतून फुंकर मारली की ती दुधाळ होते, कारण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. टाकीत तिचा उपयोग मोठा चतुर आहे. लिटरभर शुद्ध पाण्यात सुमारे दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं. टाकीतून रोज वाफ होऊन उडणाऱ्या पाण्याची भरपाई या निवळीने थेंबथेंब करायची. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येणारी) दोन्ही प्रवाळाला लागतात त्याच प्रमाणात मिळतात आणि मागे काही साठत नाही. निवळीचा पीएच मात्र 12 च्या वर असतो. म्हणून ती एकदम ओतायची नसते. टाकीचा पीएच रात्री उतरतो, तेव्हा ती हळूहळू सोडणं उत्तम.

प्रवाळ वाढलं की निवळी पुरत नाही. मग कार्बन डायऑक्साइडच्या साह्याने प्रवाळाचाच चुरा विरघळवणारी कॅल्शियम रिॲक्टरची यंत्रणा आली. हान्स-वेर्नर बालिंग यांच्या नावाची पद्धतही आली. तिच्यात एका द्रावणात कॅल्शियम क्लोराइड आणि दुसऱ्यात खाण्याचा सोडा असतो. या दोन्हींतून प्रवाळाने आपला वाटा घेतला की मागे साधं मीठ उरतं. तेच साठत गेलं तर इतर क्षारांचं प्रमाण बिघडतं, म्हणून तिसरं द्रावण सोडियम क्लोराइड वगळलेल्या समुद्री क्षारांचं ठेवलं जातं.

रोजचा खर्च किती?

समजा टाकी 300 लिटरची आहे आणि अल्कलिनिटी रोज 1 डीकेएचने (हे ती मोजायचं एकक) उतरते. म्हणजे रोज सुमारे साडेपाच ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातून निघून जातंय. वर्षाला जवळजवळ दोन किलो! काही भाग पंपावर आणि हीटरवर पापुद्रा होऊन बसतो, बाकीचा प्रवाळाच्या अंगी लागतो.

आता यातली खोच बघा. 1 डीकेएचच्या जोडीला कॅल्शियम खर्च होतं लिटरमागे फक्त 7 मिलिग्रॅम. साठा 420 चा असल्याने आठवड्याभरात कॅल्शियमची घट कशीबशी जाणवते. अल्कलिनिटी मात्र आठवर असेल तर तेवढ्याच दिवसांत तळाला जाते. म्हणून अनुभवी माणूस अल्कलिनिटी वरचेवर तपासतो आणि कॅल्शियम सवडीने. तपासणी सोपी आहे. कुपीत टाकीचं मोजकं पाणी घ्यायचं, दर्शकाचे थेंब टाकले की ते निळसर हिरवं होतं, मग सिरिंजने आम्ल थेंबथेंब सोडायचं. रंग गुलाबीकडे वळला की थांबायचं आणि सिरिंजवरचा आकडा वाचायचा. पाच मिनिटांचं काम. हा आकडा रोज एकाच वेळी लिहून ठेवला तर आठवड्यात टाकीची भूक कळते.

समुद्रात अल्कलिनिटी सातच्या आसपास असते, टाकीत सात ते नऊ ठीक. आकडा कोणताही असो, तो स्थिर राहणं महत्त्वाचं. एका दिवसात दोन-तीन डीकेएचची उडी मारली की ॲक्रोपोरा प्रवाळाची टोकं पांढरी पडतात, असा जगभरच्या छांदिष्टांचा अनुभव आहे. मॅग्नेशियम लिटरमागे 1,300 मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक पाण्यातच वाढू लागतात तेव्हा त्यांच्या पृष्ठभागावर बसून ते वाढ रोखतं. मॅग्नेशियम घसरलं की कितीही कॅल्शियम घाला, अल्कलिनिटी टिकत नाही. या सगळ्याच्या आधी क्षारता मोजावी. ती 35 ऐवजी 31 असेल तर सगळेच आकडे खाली दिसतात, आणि नुसतं मीठ सुधारलं की चार बाटल्यांचा खर्च वाचतो.

शून्याचा हव्यास

छंदात एक काळ असा होता की नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणणं हीच कर्तबगारी मानली जाई. प्रवाळभिंतीचं पाणी निर्मळ, तेव्हा टाकीचंही तसंच हवं, हा तर्क. त्यासाठी फॉस्फेट शोषणारी लोहयुक्त माध्यमं आली, जिवाणू वाढवण्यासाठी पाण्यात व्होडका घालण्याची पद्धत आली. पाणी चकचकीत झालं आणि प्रवाळ फिकट पडलं. वर रिकाम्या झालेल्या जागेत तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट्स माजले.

समुद्राच्या पाण्यात पोषकं विरळ असतात हे खरं. पण तिथे लाटांबरोबर प्लवक अखंड येत राहतं आणि माशांचे थवे डोक्यावर फिरत असतात. 1983 मध्ये कॅरिबियनमधल्या अभ्यासात दिसलं, की ज्या प्रवाळावर माशांचे थवे विसावतात ते जास्त वेगाने वाढतं. माशांच्या उत्सर्जनातलं अमोनियम हे त्याचं खत. हवाईतल्या 2006 च्या संशोधनात विरंजन झालेल्या, म्हणजे शैवाल गमावून पांढऱ्या पडलेल्या, माँटिपोरा जातीच्या एका प्रवाळाने प्लवक खाऊन रोजच्या ऊर्जेची पूर्ण गरज भागवल्याचं आढळलं. टाकीत हा ओघ नसतो. तिथे पाण्यातला आकडाही शून्य केला तर उपासमारच होते.

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात यॉर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी याचं मर्म उलगडलं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार, नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट टंचाईत, अशी विषम जोडी प्रवाळाला विशेष घातक ठरते. नायट्रोजनमुळे शैवालाची वाढ जोर धरते, पण पेशींच्या पटलांसाठी लागणारा फॉस्फरस मिळत नाही. पटलांची घडण बदलते आणि उष्णता व उजेडापुढे ती टिकत नाहीत. विरंजन लवकर होतं. म्हणजे नायट्रेट नुसतं जास्त असण्यापेक्षा फॉस्फेटशिवाय जास्त असणं वाईट. आज बहुतेक अनुभवी लोक नायट्रेट लिटरमागे 2 ते 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम राखतात आणि दोन्ही एकत्र वाचतात. पोषण वाढवायचं तर आधी मासे वाढवावेत, त्यांना नीट खाऊ घालावं. बाटली नंतर.

उरलेल्या बाटल्या

सूक्ष्म मूलद्रव्यांबाबत हात आखडता ठेवावा. समुद्रात आयोडीन लिटरमागे 0.06 मिलिग्रॅम असतं. अंदाजाने घातलेले थेंब ही मर्यादा सहज ओलांडतात. स्ट्राँशियम प्रवाळाच्या सांगाड्यात सापडतं, पण ते कॅल्शियमशी साधर्म्यामुळे शिरतं, तेवढ्यावरून ते गरजेचं ठरत नाही. तांबं तर अपृष्ठवंशीयांना विषच. प्रयोगशाळेत आयसीपी तपासणी करून घेता येते, तिच्यात एका नमुन्यातून डझनावारी मूलद्रव्यांचे आकडे मिळतात. कमतरता दिसली तरच पूरक घालावं. चांगल्या मिठाने नियमित पाणी बदललं तर लहान टाकीची बरीचशी गरज आपोआप भागते.

टाकीतून समुद्राकडे

हे ज्ञान दिवाणखान्यापुरतं राहिलेलं नाही. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी बंदिस्त टाकीत चंद्रप्रकाश, तापमान आणि पोषण यांचं नियोजन करून प्रवाळाचं प्रजनन घडवलं आणि 2017 मध्ये त्याची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. फ्लोरिडातल्या मत्स्यालयाने 2019 मध्ये अटलांटिकच्या स्तंभ-प्रवाळाबाबत तेच साधलं. समुद्रात नष्ट होत चाललेल्या जाती सांभाळायला हीच मोजमापाची शिस्त कामी येते आहे.

आपल्यालाही प्रवाळ परकं नाही. मालवणच्या खडकांवर ते आहे, विजयदुर्गपासून समुद्रात सुमारे 100 किलोमीटर आत आंग्रिया बँकवर आहे, अगदी मुंबईच्या गढूळ पाण्यातही आहे. किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या 18 वसाहती 2020 मध्ये हलवाव्या लागल्या. आपल्याकडे 2001 पासून दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. म्हणून भारतीय समुद्रातलं प्रवाळ, जिवंत असो वा मेलेलं, टाकीसाठी कोणीही उचलू नये. हा कायदा मोडून उभी राहिलेली टाकी कितीही सुंदर असली तरी तिचं कौतुक होता कामा नये.

साउथॅम्प्टनच्या निष्कर्षातून किनाऱ्यासाठीही थेट सूचना निघते. समुद्राचं तापणं एका गावाच्या किंवा शहराच्या हाती नाही. पण शेतातून वाहून जाणारा युरिया आणि प्रक्रियेविना सोडलेलं सांडपाणी आपल्या हाती आहे. पाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरसचा मेळ बिघडू दिला नाही तर तापलेल्या वर्षांत तगून राहण्याची प्रवाळाची ताकद वाढते. टाकीत हा मेळ राखायला आपण आकडे लिहून ठेवतो. मालवण आणि मुंबईच्या किनाऱ्यावरही पाण्यातल्या पोषकांची अशीच सातत्याने मोजणी व्हावी आणि ते आकडे लोकांसमोर यावेत, असा आग्रह आपण धरला पाहिजे.