आधी खाऊ, मग पाहू

हिंगोली तालुक्यात कयाधूच्या काठावर नर्सी नामदेव आहे. संत नामदेवांचं जन्मस्थान म्हणून ते ओळखलं जातं. नामदेवांची एक गोष्ट मराठी मुलं शाळेत जायच्या आधीच ऐकतात. कुत्र्यानं भाकर पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. बिचाऱ्यानं कोरडी कशी खायची? गोष्टीतली भक्ती कीर्तनकारांनी उलगडावी. जनावरांच्या डॉक्टरला मात्र त्यातलं कुत्रं फार ओळखीचं वाटेल. दिसलं, उचललं, पळालं. चव, वास, बरं-वाईट हा सगळा विचार नंतर. (तुपाच्या वाटीवर डॉक्टर थोडी कुरकुर करतील, कारण एकदम भरपूर तूप पोटात गेलं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पण ते असो.)

आज त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या आखाड्यावर राखणीला असलेलं कुत्रं दिवसभरात कुठे कुठे तोंड घालतं ते पाहावं. सोयाबीनच्या बांधावर गोगलगायींसाठी टाकलेल्या गोळ्या असतात. कोठीच्या कोपऱ्यात उंदरांच्या औषधाची वडी असते. मक्याच्या शेतात अळीसाठी गूळ घालून आंबवलेला भुसा असतो. यातलं काहीही कुत्र्यासाठी ठेवलेलं नसतं. पण ठेवणाऱ्यानं ते खाण्यासारखं केलेलं असतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

कुत्रं असं का वागतं याचं उत्तर उकिरड्यात सापडतं. माणसाच्या वस्तीलगत जे उष्टं-खरकटं पडायचं त्यावर कुत्र्याच्या पूर्वजांच्या हजारो पिढ्या जगल्या. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये याचा एक पुरावा मांडला. पिठूळ पदार्थ पचवणारं अमायलेज नावाचं विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. भाकर कुत्र्याला पचते ती या जनुकांच्या जोरावर. उकिरड्यावर दहा तोंडं टपलेली असताना जो हुंगत बसला तो उपाशी राहिला. आधी गिळायचं आणि नको असेल तर ओकून टाकायचं, हाच तिथला व्यवहार. कुत्र्याला उलटी सहज होते, आणि गावाकडचं कुत्रं बऱ्याचदा या एका सोयीवर तरून जातं.

त्यात काही जातींची भूक मुळातच सैल. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये दिसलं की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉर कुत्र्यांत ‘पॉम्सी’ या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि ती सदा अन्नाच्या मागे असतात. हिंगोलीत, वसमतमध्ये हौसेनं लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांनी त्याला हावरट म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं.

जिभेचीही एक गंमत आहे. मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखणाऱ्या ग्राहीचं एक जनुक त्याच्यात निकामी झालेलं आहे, हे २००५ साली उघड झालं. कुत्र्याला मात्र गोड कळतं आणि आवडतंही. लष्करी अळीसाठीच्या आमिषात गूळ असतो. गोगलगायींच्या गोळ्यांतही त्यांना भुलवणारं खाद्य मिसळलेलं असतं. आखाड्यावरचं मांजर गुळाच्या भुशाकडे ढुंकून पाहत नाही, कुत्रं मात्र तो चाटूनपुसून खातं.

उंदराच्या औषधाची कथा जरा सविस्तर सांगायला हवी. उंदीर हा मोठा संशयी प्राणी. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून तो नवं खाणं आधी कणभर चाखतो, बाधलं तर पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. झिंक फॉस्फाइड ही काळपट भुकटी शेतात वापरताना शेतकरी आधी दोन-तीन दिवस नुसतं तेल लावलेलं धान्य ठेवतात आणि उंदरांची भीड चेपली की मग औषध मिसळतात, ते यासाठीच. ही भुकटी पोटातल्या आम्लात मिसळली की फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. कुत्र्याच्या बाबतीत याचा एक वाकडा परिणाम होतो. खाल्लेलं बाहेर पडावं किंवा विष मरावं म्हणून लोक त्याला दूध-भाकर चारतात. अन्न गेल्यावर पोटात आम्ल वाढतं आणि आम्लाबरोबर वायूही. ओकलेल्यातूनही तो सुटतोच, त्यामुळे असं कुत्रं बंद खोलीत घेऊन बसणं माणसालाही धोक्याचं.

दुसरा प्रकार याहून चलाख. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी हिमवादळातून कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. सोबत मेलेली कालवड, बुरशी लागलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त. सडक्या चाऱ्यातला कोणता घटक रक्त गोठू देत नाही हे शोधायला लिंक यांच्या गटाला सहा वर्षं लागली. त्या शोधातून पुढे वॉरफरिन आलं. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात उतरलं आणि काही वर्षांत हृदयरोग्यांची गोळीही झालं. त्याचंच आजचं जास्त जहाल भावंड म्हणजे ब्रोमॅडिओलोन, दुकानात मिळणाऱ्या रंगीत वडीतलं.

त्याची चलाखी उशिरात आहे. वडी खाल्ल्यावर उंदराला दोन-तीन दिवस काही होत नाही, म्हणून त्याचा संशय जागाच होत नाही. जॉन गार्सिया या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये उंदरांवर दाखवलं होतं की नवी चव आणि तिच्यानंतर काही वेळात आलेली मळमळ यांची गाठ मेंदू पक्की बांधतो. तीन दिवसांनी आलेल्या त्रासाशी ही गाठ बसत नाही. म्हणजे उंदराला फसवण्यासाठी केलेली युक्ती कुत्र्यालाही तितकीच फसवते. त्याची उलटीची सोयही इथे कामाला येत नाही, कारण पोट बिघडतच नाही. मालकाला वाटतं, खाल्लं पण पचवलं. चौथ्या दिवशी हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, नाकातून किंवा विष्ठेतून रक्त येतं. दिलासा इतकाच की याला उतारा आहे. के-१ जीवनसत्त्व वेळेवर सुरू केलं आणि पुढे काही आठवडे चालू ठेवलं तर कुत्रं वाचतं.

गोगलगायींच्या गोळीला असा नेमका उतारा नाही. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव भागात गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं आणि मेटाल्डिहाईड हे नाव मराठवाड्यात घरोघरी पोहोचलं. कुत्र्यानं ती गोळी खाल्ली तर काही तासांतच थरथर, झटके आणि अंग भट्टीसारखं तापणं सुरू होतं. ज्या आखाड्यावर कुत्रं मोकळं आहे तिथे दुसरा मार्ग बरा. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. काम जास्त आहे, हे खरं.

स्वयंपाकघरातली यादी शहरी पाळणाऱ्यांना पाठ असते: चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण. त्यात चिंचेचं नाव बहुतेकांना नवं वाटेल. द्राक्षांनी कुत्र्याचं मूत्रपिंड का बिघडतं हे बरीच वर्षं कोडं होतं. २०२१ पासून संशयाची सुई टार्टारिक आम्लाकडे वळली आणि पुढच्याच वर्षी चिंच खाऊन मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्यांची नोंद प्रसिद्ध झाली. मराठवाड्यात उन्हाळ्यात अंगणोअंगणी चिंचा फोडल्या जातात. तो ढीग कुत्र्याच्या तोंडापासून लांब असावा.

मग कुत्र्याला आवरायचं कसं? गुरं वळणाऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. पळकुट्या गुराच्या गळ्यात लोढणं आणि कोळपणीच्या बैलाच्या तोंडाला मुसकं. लोढणं कुत्र्याला नको, पण मुसक्याची कल्पना त्याला नेमकी लागू पडते. फक्त ते जाळीचं आणि ऐसपैस हवं. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. ते जीभ काढून धापतं आणि थंड होतं. जबडा घट्ट आवळणारा पट्टा बांधून त्याला वैशाखाच्या उन्हात सोडलं तर विषाची गरजच उरत नाही.

भटकण्याचं कारण नेहमी भूक नसते. भाद्रपदात कुत्री माजावर आली की वासाच्या मागे नर गावं ओलांडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत शिवारात फवारणी जोरात असते. नसबंदीनं नराचं हे भटकणं बरंच कमी होतं. आमिष टाकलेल्या दिवसांत कुत्रं सावलीत, पाण्याजवळ, लांब दाव्याला असावं. शेजारच्या शेतकऱ्यालाही विचारून ठेवावं, कारण बांध माणसाचे असतात, कुत्र्याचे नसतात.

शिकवणीचा भाग लोक सहसा उलटा करतात. कुत्रं काहीतरी खाऊन घरी येतं, मालक कान पिळतो, कुत्रं मान खाली घालतं, मालकाला वाटतं, समजलं. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हे तपासून पाहिलं. अपराधी चेहरा खाल्ल्यामुळे होत नव्हता, रागावल्यामुळे होत होता. काहीच न खाल्लेली कुत्रीही बोलणी बसताच तसंच तोंड करत होती. उपयोग होतो तो ‘सोड’ या शब्दाचा. मुठीत भाकरीचा तुकडा धरायचा. कुत्रं हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. कंटाळून त्यानं तोंड मागे घेतलं की त्याच क्षणी ‘सोड’ म्हणून दुसऱ्या हातातला त्याहून चांगला तुकडा द्यायचा. मुठीतला मात्र कधीच नाही. रोज पाच मिनिटं केलं तर काही आठवड्यांत जमिनीवरच्या वस्तूलाही हा शब्द लागू पडतो. कुत्रं नजरेआड गेलं की शब्दाचा काही भरवसा नाही, हेही तितकंच खरं.

एवढं करूनही कुत्र्यानं काही खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायच्या फंदात पडू नये. पाजलेलं मीठच कुत्र्याला मारू शकतं. तेल, तूप, दूध काहीच नको. सरकारच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे, तालुक्याला दवाखाना आहे आणि शेजारच्या परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काय खाल्लं?’ झिंक फॉस्फाइडला एक उपचार, ब्रोमॅडिओलोनला दुसरा, फवारणीच्या औषधाला तिसरा. कुत्र्याला गाडीत घालताना औषधाचं फाटकं पाकीट, चघळलेली वडी, बांधावरच्या दोन गोळ्या, जे हाती लागेल ते पिशवीत बांधून सोबत न्यावं.